सर्व्हरच्या स्मृतीचे अंदाजपत्रक



सातबाऱ्याचा उतारा असो की जन्माचा दाखला, आज तो नागरिकाच्या हाती पडतो तो संगणकातून. दूर कोठेतरी असलेला डेटाबेस सर्व्हर ती नोंद शोधून देतो. तो बंद पडला की खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" एवढेच उत्तर मिळते आणि त्याची दिवसाची मजुरी बुडते. यास्तव असे का घडते, हे तंत्रज्ञांप्रमाणेच आपणही समजून घेणे अगत्याचे आहे. कारणे अनेक असतात. त्यांपैकी स्मृतीच्या, म्हणजेच मेमरीच्या, वाटपाविषयी आज बोलावयाचे आहे.

उदाहरणादाखल पोस्टग्रेस ही प्रणाली घेऊ. अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली तिचे काम सुरू झाले. आज ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. तिच्यात स्मृतीचे दोन मोठे वाटे असतात. पहिला सामाईक साठा, 'शेअर्ड बफर्स'. वारंवार लागणाऱ्या नोंदी त्यात ठेवतात. केवळ डेटाबेससाठी राखलेल्या यंत्रावर एकूण स्मृतीचा चौथा हिस्सा त्याला देणे योग्य समजले जाते. दुसरा वाटा 'वर्क मेम'. नोंदी क्रमाने लावणे, दोन तक्ते जुळविणे अशा कामांसाठी तो असतो. त्याची मूळ मर्यादा ४ मेगाबाइट आहे.

घोटाळा होतो तो येथेच. ही मर्यादा संपूर्ण सर्व्हरची नसून प्रत्येक जोडणीतील प्रत्येक क्रियेची असते. समजा, यंत्राची स्मृती १६ गिगाबाइट आहे आणि त्यांपैकी ४ सामाईक साठ्यास दिली आहे. अहवाल सावकाश निघतात म्हणून कोणी वर्क मेम ६४ मेगाबाइट केली. जोडण्या २०० आहेत. प्रत्येकीने एकेक क्रिया केली तरी १२,८०० मेगाबाइट, म्हणजे साडेबारा गिगाबाइट लागतील. दोन-दोन केल्या तर २५. शिल्लक आहे केवळ १२! ग्रामपंचायतीने प्रत्येक वॉर्डाला वेगळी मंजुरी द्यावी आणि बेरीज मात्र कोणीच करू नये, तसा हा प्रकार. सर्वजण एकाच वेळी काम करीत नाहीत म्हणून एरवी निभावते. मार्चअखेरीस मात्र सगळेच एकदम येतात.

अशा वेळी लिनक्स ही कार्यप्रणाली स्मृती मोकळी करण्यासाठी एखादी प्रक्रिया सक्तीने बंद करते. ती पोस्टग्रेसची असली, तर एकाच्या पायी सर्वांच्या जोडण्या तुटतात आणि डेटाबेस पुन्हा सुरू व्हावा लागतो.

मग उपाय कोणता? प्रथम कार्यप्रणालीची नोंदवही पाहावी. तेथे 'आउट ऑफ मेमरी' असा शेरा असेल, तर निदान पक्के. मग वरीलप्रमाणे गुणाकार मांडावा. वर्क मेम सर्वांसाठी लहान ठेवावी. मोठा अहवाल काढावयाचा असेल, तर तेवढ्या जोडणीपुरती ती वाढविता येते. मर्यादा अपुरी पडली तरी काम अडत नाही. ते डिस्कवरील तात्पुरत्या फाइलीत, थोडे सावकाश, पण पुरे होते. अनेक वापरकर्त्यांना थोड्या जोडण्यांवर आळीपाळीने काम देणारी 'पूलिंग'ची व्यवस्था करावी. शिवाय, पदरी आहे त्याहून अधिक स्मृती देण्याचे वचन लिनक्सने देऊ नये, अशी आज्ञा करून ठेवता येते. मग टंचाईच्या वेळी एखाद्याची मागणी नाकारली जाते, परंतु बाकीच्यांचे काम चालू राहते.

अधिक स्मृती विकत घेणे हाही उपाय आहेच, परंतु तो हिशेबानंतरचा. बेरीज-गुणाकार न करता घेतलेले ३२ गिगाबाइटचे यंत्रही पुढील मार्चमध्ये असेच थांबेल. आपल्या कार्यालयात नवी यंत्रणा बसविली जात असेल, तर पुरवठादारास एवढेच विचारावे: एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे येतील, प्रत्येकास किती स्मृती दिली आहे, आणि त्यांचा गुणाकार यंत्रात मावतो काय? हे विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. अंदाजपत्रक तपासणाऱ्या प्रत्येकास ते विचारता येईल.