गुडघेदुखी : आधी कारण, मग उपचार
(आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



गुडघा दुखू लागला की आपल्याकडे ‘वय झाले’ किंवा ‘वात आहे’ असे म्हणून विषय संपवला जातो. त्यामुळे लवकर ओळखता येण्याजोगे आजार महिनोन्‌महिने दडून राहतात. म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या गुडघेदुखीची कारणे आज आम्ही आपणांसमोर मांडत आहोत.

प्रथम आपल्या भागातील कामे पाहू. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत कारागीर तासन्‌तास मांडी घालून वा उकिडवे बसतात. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्याच्या वाटीमागे मोठा दाब पडतो. उठताना किंवा जिना उतरताना वाटीभोवती दुखणे, ही त्याची खूण होय. रोह्याकडील खाचरांत लावणीच्या वेळी चिखलात पाय रुतून गुडघा पिळवटतो. त्यानंतर तो चालताना मध्येच अडकू लागला, तर आतील गादी फाटल्याची शक्यता असते.

पन्नाशीनंतर सर्वाधिक आढळते ती सांध्याची झीज. चालल्यावर दुखते, विसाव्याने उतार पडतो आणि सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. तोच ताठरपणा तासभर टिकत असेल, हाताची बोटेही सुजत असतील, तर आमवाताचा विचार करावा लागतो. त्यावर वेळीच औषध सुरू झाल्यास सांधे वाचू शकतात. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा ताप गेल्यावरही अनेकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. म्हणून येऊन गेलेल्या तापाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. एकच गुडघा अनेक आठवडे सुजलेला, संध्याकाळी बारीक ताप आणि घटते वजन, असे असल्यास सांध्याच्या क्षयाची तपासणी हवी. हा रोग औषधांनी बरा होतो. मात्र उशीर झाल्यास सांधा कायमचा आखडतो.

कधी दुखतो गुडघा, पण दोष असतो खुब्यात किंवा कमरेत. गुडघा दुखतो म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा खुबा तपासलाच पाहिजे. क्ष-किरण चित्रात झीज दिसली, एवढ्यावरही निदान पुरे होत नाही. झीज असूनही अनेकांना वेदना नसते.

दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी दुखणे झाकते, कारण मात्र तसेच राहते. ती सल्ल्याविना रोज घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी विशेष जपावे. निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

झिजेवर पहिला उपचार साधा आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, १० आकडे मोजेपर्यंत धरावा आणि सावकाश खाली आणावा. यामुळे मांडीचे स्नायू बळकट होतात व गुडघ्यावरील भार हलका होतो. वाढलेले वजन कमी करावे. कारागिरांनी मूर्ती उंच पाटावर ठेवून स्टुलावर बसावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

गुडघा एकाएकी लाल व गरम झाला, सोबत ताप आला किंवा पाय टेकवेनासा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी दुखणे केव्हा सुरू झाले, कशाने वाढते, सूज येते का आणि काम कोणते, या ४ गोष्टी आठवून यावे. निदानाचा निम्मा मार्ग त्यातच सापडतो.