अर्ध्या वाड्याची डागडुजी



नवे घर कसे बांधावे हे सांगणारी माणसे गावोगाव आहेत. चहाच्या टपरीवर बसलात तरी कोणी ना कोणी काडीने मातीत नकाशा काढून दाखवील. मी आज बोलणार आहे ते जुन्या, वाकड्यातिकड्या, वाटणीत पदरी पडलेल्या घराविषयी. त्या घराला आम्ही हात घातला तो काळही सरळ नव्हता. साल होते २०२०.

आमचे गाव तुळजापूर तालुक्यात, धाराशिव जिल्ह्यात. मी तिथल्या शाळेत शिक्षक. वाडा आजोबांचा. पुढे तो दोन भावांत वाटला गेला, आणि पंचांनी न्याय इतका चोख केला की ओसरीच्या बरोबर मधोमध भिंत घातली. मधला सागवानी खांब त्या भिंतीत गेला. निम्मा आमच्याकडे दिसतो, निम्मा चुलत्यांकडे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, हे आपणांस ठाऊक आहेच. आमच्या वाट्याला आली ढाळज, साडेचार खणांची ओसरी, माजघर, आणि एक खोली, जिला दारच नाही! दार होते ते चुलत्यांच्या बाजूला गेले. त्या खोलीत जायचे तर माळ्यावर चढून शिडीने खाली उतरायचे. उलट माळवदावर जायचा भिंतीतला जिना त्यांच्याकडे राहिला, म्हणून स्वतःच्याच छपरावर जायला आम्हाला बाहेरून शिडी लावावी लागे. एक खोली दुसरीपेक्षा पायरीभर वर, तिसरी अर्धी पायरी खाली. पाहुणा आला की एकदा तरी ठेच खाई.

पण हे सगळे गमतीने सांगतो आहे ते आज. सत्तावीस वर्षे त्या वाड्यात आमच्यापैकी कोणी झोपले नव्हते.

कारण आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, माणसे थकून गाढ झोपलेली, आणि चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. हजारो माणसे गेली, आणि बहुतेक गेली ती स्वतःच्याच घराच्या दगडामातीखाली. माझ्या आईचे माहेर सास्तूरच्या बाजूचे. तिच्या माहेरचे कोण राहिले आणि कोण गेले, हे मी इथे सांगत नाही. आमचा वाडा उभा राहिला, मागची एक भिंत तेवढी फुगली. पण आईने परसात पत्र्याचे शेड घालून घेतले आणि म्हणाली, “मी काय आत यायची न्हाई.” मग आम्हीही शेडशेजारी दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या. वाड्यात कडबा, ज्वारीची पोती आणि मोडकी अवजारे राहू लागली. वडील मात्र होते तोवर दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकीत. राहायचे नसले तरी घर गळू द्यायचे नाही, असा त्यांचा नेम.

२०२० च्या मार्चअखेर सारा देश बंद झाला. पुढे धाकटा भाऊ बायकामुलांसह पुण्याहून गावी आला. चौदा दिवस माझ्याच शाळेच्या वर्गात त्यांना वेगळे ठेवले होते. मी रोज फाटकाशी डबा ठेवून परत फिरायचो. चौदा दिवस संपले, आणि प्रश्न उभा राहिला की ही माणसे राहणार कुठे? मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून पाहा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. भावाचे काम सुटलेले. माझा मार्चचा पगार दोन टप्प्यांत मिळालेला. पुढच्या महिन्याचे कोणालाच सांगता येत नव्हते. अशा वेळी घराचे काम काढणे म्हणजे वेडेपणा, असे गावातले शहाणे म्हणाले. पण ग्रामीण भागात बांधकामाला २० एप्रिलपासून अटींवर मुभा मिळाली होती, आणि शहरातून परतलेले दोन तरुण गवंडी घरी बसून होते. त्यांचे चुलते गावातले जुने गवंडी. त्यांना मी वाडा दाखवला.

काकांनी पहिल्या दिवशी कशालाच हात लावला नाही. एका खांबाला खाली टोच्याने टोचून पाहिले, तुळयांवर काठीने ठकठक करून ऐकले. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, वाळवीने पोखरलेल्याचा वेगळा. मग फुगलेल्या भिंतीशी थांबून म्हणाले, “गुरुजी, ही भीत एक न्हाई, दोन हायती.”

श्रोतेहो, आपल्या भागातल्या जुन्या दगडी भिंतीचे मर्म या वाक्यात आहे. भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, आपल्याला वाटते किती भक्कम! प्रत्यक्षात आतले आणि बाहेरचे असे दोन दगडी पदर असतात आणि मध्ये माती व चिपा भरलेल्या असतात. दोन्ही पदरांना एकत्र धरणारा आरपार दगड नसेल, तर हादरा बसताच एक पदर आत आणि एक बाहेर कोसळतो. लाकडी सांगाडा बरा असलेल्या घरांत कित्येकदा खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या पडल्या, हेही १९९३ मध्ये पाहायला मिळाले. म्हणजे वैरी लाकूड नव्हे. वैरी म्हणजे न बांधलेला दगड, आणि डोक्यावरचे ओझे.

ओझ्याचे गणित मी पुढे मुलांना घातले, तेच आपल्यालाही घालतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद छपरावर दीड फूट माती आहे. घनफूट झाले दीडशे. कोरडी माती घनफुटाला साधारण ४५ किलो धरा. म्हणजे ६,७५० किलो. पावणेसात टन! आणि हे कोरडे; भिजली की आणखी. दरवर्षी आपण माती टाकतो, पण जुनी काढतो का? नाही. माझ्या वडिलांनीही नेमाने टाकली, काढली कधीच नाही. ज्या प्रेमाने त्यांनी घर राखले, त्याच प्रेमाचा भार तुळयांवर बसला होता.

तेव्हा पहिले काम ठरले ते माती उतरवण्याचे. इथे काकांनी एक अट घातली. एका वेळी एकच खण उघडायचा. त्याची माती काढायची, फळ्या तपासायच्या, सडलेली बदलायची, वर कडुलिंबाचा पाला, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि मग चाळलेली पांढरी माती सहा इंच, नीट धुम्मस करून, पन्हळीकडे उतार देऊन. तो खण बंद झाला की दुसरा उघडायचा. भाऊ म्हणाला, सगळे एकदम उघडू, लवकर होईल. काका म्हणाले, “आन उद्या पुन्हा बंद झालं तर? मिरग कुणासाठी थांबतो का?”

मला ते फार पटले. दिवसांचा भरवसा नसतो तेव्हा घराचे काम असे काढावे की ते कोणत्याही संध्याकाळी थांबले, तरी घर सकाळपेक्षा वाईट अवस्थेत राहू नये. पैसे, माणसे, सिमेंट, यांतले काहीही उद्या मिळणार नाही असे धरून चालायचे. आमचे काम खरोखरच दोनदा थांबले, एकदा तर शेजारच्या आळीत रुग्ण सापडला म्हणून तीन आठवडे. छपराला भोक नव्हते, म्हणून निभावले. मात्र एक खरे सांगितले पाहिजे. माती कमी केली की दुपारी थोडे ऊन जाणवते. पूर्वीचा गारवा पूर्ण राहत नाही. तो सौदा आम्ही समजून केला.

मग भिंती. आरपार दगड आता घालायचे कसे? किल्लारीनंतर जी पद्धत या भागात शिकवली गेली तीच वापरली. भिंतीतला एक दगड हातोडा न मारता, पहारीने हळूहळू हलवून काढायचा. समोरासमोरच्या पदरातलाही तसाच काढायचा. आरपार भोक झाले की त्यात दोन्ही टोकांना आकडे वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. दहा दिवस पाणी मारायचे. दोन फूट उंचीला एक, चार फूट अंतराला एक, तेही एकाखाली एक नव्हे तर आडमोडीने. फुगलेली भिंत मात्र अशी दुरुस्त होत नाही. ती तुळईला टेकू देऊन उतरवली आणि नव्याने रचली. आपण कोणी हे करणार असाल तर जाणत्या गवंड्याशिवाय करू नका, आणि तालुक्याच्या अभियंत्याला एकदा दाखवा.

आता माझी चूक. गोठ्याच्या भिंतीला मी पूर्वीच, काकांना न विचारता, सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. चकचकीत दिसे. मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडते ती पृष्ठभागातून. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल आत मुरत राहिली. तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटले आणि आतली माती भुसभुशीत झाली. वाड्याला मग आम्ही माती, शेण आणि गव्हाच्या भुसकटाचा गिलावा केला, वर चुन्याचा हात. घरच्या बायकांना ते काम गवंड्यापेक्षा चांगले येत होते.

घर सजवण्यासाठी विकत फारसे काही आणले नाही. दुकानेच बंद होती. दार नसलेल्या खोलीतले बळद रिकामे केले, त्यात फळ्या बसवून पुस्तके ठेवली. त्या खोलीला दार पाडायचा मोह झाला, पण भिंत आधीच दुबळी, म्हणून मोह आवरला. मुले शिडीने उतरूनच वाचायला जातात आणि मोठी माणसे त्रास द्यायला येत नाहीत, म्हणून खूश असतात! मोडक्या दिंडी दरवाजाची फळी दोन पेट्यांवर टाकली, ते झाले माझे टेबल. खांबांना जवसाचे तेल पाजले. भावाच्या मुलीला ओसरीत झोपाळा हवा होता. काकांनी नेमकी तुळई दाखवली आणि सांगितले, सांध्याजवळ कडी मारू नका.

ढाळजेचा तर शाळेलाच उपयोग झाला. दोन्ही बाजूंना दगडी ओटे, मध्ये वाट, समोरून वारा. शाळा बंद होती आणि आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक घरांत चांगला फोन नव्हता. पालक राजी झाले तेव्हा चार-चार मुले, एकेका ओट्यावर दोन, लांब लांब बसवून मी शिकवू लागलो. माळवदाच्या मातीचे गणित तिथेच फळ्यावर लिहिले होते.

आई हे सगळे परसातून पाहत होती. बोलत काही नव्हती.

ऑक्टोबरच्या मध्याला, १४ तारखेला, आपल्या भागात जो पाऊस कोसळला तो आपण विसरला नसाल. सोयाबीन काढून रचलेले, ते शेतातच गेले. आमचेही गेले. त्या रात्री मी कंदील घेऊन एकेक खण पाहत होतो. पाचवा, म्हणजे निम्मा खण, भिंतीच्या कडेला गळला. ती कड चुलत्यांच्या आणि आमच्या सामाईक छपराची. त्या बाजूची माती त्यांनी काढली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून ती काढली, पण ती गोष्ट वेगळी. बाकी चार खण कोरडे.

रात्री दोनच्या सुमाराला परसाच्या दारातून आई आली. अंगावर पोते, बगलेत वळकटी. शेडमध्ये पाणी शिरले होते. मी माजघरात अंथरूण घालू लागलो तर हाताने नको म्हणाली, आणि ढाळजेच्या ओट्यावर, बाहेरच्या दारापासून चार पावलांवर, वळकटी उलगडली. वर तुळईकडे बराच वेळ पाहत राहिली. मग विचारले, “किती माती ठिवलीय वर?”

“सहा इंच,” मी म्हणालो.

आजही ती तिथेच झोपते. आमच्याकडचा तो कोपरा तिचा. फक्त दाराला अडसर घालू देत नाही.