सही कुठपर्यंत चालते?



मागच्या दिवाळीत माझी पुतणी अमेरिकेहून घरी आली होती. पोर सीए झालेली. एसटीनं तालुक्याला जा-ये करून कॉलेज केलं, पुढं पुण्याला राहून आर्टिकलशिप केली. निकाल लागला तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले होते. लग्न होऊन ती न्यू जर्सीला गेली. आमच्या महिला शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑडिट व्हायचं होतं, तेव्हा बैठकीत एक बाई म्हणाली, "घरचीच सीए आलीय, तिचीच सही घेऊ. फी वाचेल."

मी घरी येऊन विचारलं, तर पोर गप्पच झाली. मग म्हणाली, "काकू, माझी सही तिकडं तर चालतच नाही, आणि आज इथंही चालत नाही."

माझ्या काळजात चर्र झालं. हिशेब तर सगळीकडं सारखाच, दोन आणि दोन चार. मग सही का अडते? त्या रात्री तिनं मला जे समजावलं, तेच आज तुम्हांला सांगते. कारण आता आपल्याही मुली कॉमर्स शिकताहेत, लग्न होऊन लांब जाताहेत.

पहिली गोष्ट अशी, की शिक्षण वेगळं आणि परवाना वेगळा. शिक्षण डोक्यात असतं, ते कुठंही बरोबर येतं. परवाना म्हणजे सरकारनं किंवा कायद्यानं नेमलेल्या संस्थेनं दिलेली हमी. उद्या सही खोटी निघाली तर जाब कुणी विचारायचा, हे त्यात ठरलेलं असतं. शिवाय कर आणि कंपनीचे कायदे प्रत्येक देशाचे वेगळे. म्हणून परवान्याला हद्द असते.

आपल्या देशातसुद्धा एकेकाळी अशी हद्द होती बरं का. १९१३च्या कंपनी कायद्याखाली ऑडिटरला दोन तऱ्हेचे दाखले मिळत. एक साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात चालणारा. दुसरा फक्त त्या प्रांतापुरता, आणि दाखल्यावर लिहिलेल्या भाषेपुरता. पुढं १९४९ साली चार्टर्ड अकाउंटंट कायदा आला आणि साऱ्या देशासाठी एकच संस्था, एकच नोंदवही झाली. त्यामुळं सोलापूरची सीए लग्न होऊन हैदराबादला किंवा इंदूरला गेली, तरी तिला नवी परीक्षा नाही. संस्थेला नवा पत्ता कळवायचा, की झालं. आपल्या नर्सताईंचं तसं नसतं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं नाव असलं तरी दुसऱ्या राज्यात काम धरताना तिथल्या परिषदेचं बघावं लागतं.

अमेरिकेत हिशेबाचा परवाना राज्य देतं. त्याला सीपीए म्हणतात. १८९६ साली न्यूयॉर्क राज्यानं पहिला कायदा केला. पुढं प्रत्येक राज्यानं आपापला केला आणि आपापलं मंडळ नेमलं. मग अडचण झाली. शेजारच्या राज्यातलं काम आलं तरी दुसरा परवाना काढायचा का? त्यावर तोडगा निघाला तो असा: शिक्षण, परीक्षा आणि अनुभव या तीन गोष्टी साधारण सारख्या असतील, तर एका राज्याच्या सीपीएनं दुसऱ्या राज्यातलं काम वेगळा परवाना न काढता करावं. पण बिऱ्हाड आणि ऑफिसच तिकडं हलवलं, तर तिथला परवाना घ्यावा लागतो.

परदेशी परवान्याचं मात्र करारावर चालतं. आपल्या सीए संस्थेनं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इथल्या संस्थांशी वेळोवेळी करार केलेत. करार असला की काही पेपर माफ होतात, सगळेच नाही. आणि कराराला मुदत असते, म्हणून जायच्या आधी संस्थेकडं ताजी चौकशी करावी. अमेरिकेशी असा करार नाही. आपल्या कायद्यातही जशास तसं आहे: जो देश आपल्या माणसांना अडवतो, त्याच्या माणसांना इथं हा हक्क नाही.

मग पुतणीनं काय केलं? आधी दोन वर्षं रडत बसली. मग तिला कळलं, की अडतं फक्त ऑडिटच्या सहीपाशी. व्हिसावर कामाची परवानगी असेल, तर हिशेबाची नोकरी परवान्याशिवायही करता येते. ती परवानगी मिळाल्यावर एका फर्ममध्ये लागली. इथल्या मार्कशीट तपासून घेतल्या आणि सीपीएच्या चारपैकी दोन पेपर पास झाली. ही परीक्षा २०२० पासून भारतातल्या केंद्रांवरही देता येते. म्हणजे जायच्या आधी मुंबईतच दिली असती, तर तेवढे दिवस वाचले असते.

आणि इथली सही का अडली? साधी गोष्ट. लग्नानंतर संस्थेची वर्षाची फी भरायची राहिली आणि नोंदवहीतून नाव निघालं. "आता कुठं उपयोग आहे त्याचा," असं घरातलंच कुणीतरी म्हणालं होतं. नशीब, की अर्ज करून, थकलेली फी भरून नाव परत चढवता येतं. जायच्या आधी तिनं तेच पहिलं केलं. पण नाव असलं तरी ऑडिटच्या सहीसाठी प्रॅक्टिसचा वेगळा दाखला लागतो, तो तिच्याकडं नव्हता.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

मुलगी सीए होऊन सासरी जात असेल, गावात नाहीतर सातासमुद्रापार, तर तिचं नाव नोंदवहीत जिवंत राहू द्या. मंगळसूत्र जपतो तसं सभासदत्व जपा. आणि परदेशचं स्थळ आलं, तर मुलाच्या पगाराबरोबर हेही विचारा, की तिकडं आमच्या मुलीला काम करता येईल का, आणि परवान्यासाठी काय लागेल.

दुसरी गोष्ट आपल्या कंपनीची. ऑडिटची सही भारतात प्रॅक्टिसचा दाखला असलेल्या सीएचीच लागते. परदेशात मोठ्या पगारावर असलेला भाऊ, किंवा टॅलीचा कोर्स केलेला भाचा, कितीही हुशार असला तरी चालत नाही. ऑडिटच्या कागदावर १८ अंक-अक्षरांचा यूडीआयएन नंबर बघा. २०१९ पासून तो सक्तीचा आहे. सीए संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर तो टाकला, की सही खरी का खोटी ते कळतं. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम.

आम्ही त्या बैठकीत फी देऊन तालुक्याच्या सीएकडूनच ऑडिट करून घ्यायचं ठरवलं. कागद आल्यावर नंबर तपासला तो पुतणीनं, न्यू जर्सीहून, फोनवर. तुमच्या पुढच्या बैठकीत मागच्या वर्षीचा अहवाल काढा आणि तुम्हीही तपासून बघा.