देवयानी आणि शर्मिष्ठा

इंदूरच्या बडा गणपतीच्या सुमारे २५ फूट उंच मूर्तीपुढे, वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या दोन बालमैत्रिणी समोरासमोर आल्या, तर आधी कोणी बोलावे? वि. स. खांडेकरांची १९५९ सालची ‘ययाति’ कादंबरी या प्रश्नापाशी नेते. राजाच्या भोगलालसेची कथा म्हणून ती ख्यात आहे. परंतु तीत देवयानी आणि शर्मिष्ठा यांचे तुटलेले सख्यही आहे. वस्त्रांवरून कलह पेटला, देवयानी विहिरीत पडली आणि राजकन्या शर्मिष्ठा तिची दासी झाली. खांडेकरांनी दोघींना आपापली कैफियत स्वमुखाने मांडू दिली आहे. वाचक दोघींचे ऐकतो. त्या मात्र एकमेकींचे ऐकत नाहीत. अखेरीस देवयानीचे मन निवळते, पण तोवर तारुण्य सरलेले असते. जिला दुसरीची बाजू ऐकून घ्यावीशी वाटेल, तिनेच आधी बोलावे.