तुरीचा सौदा आणि डाळीची निवड

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे महाराष्ट्राच्या सीमेवरचे गाव होय. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोड मागे टाकल्यावर दुधनी लागते आणि पुढे गाणगापूर रोड येण्याच्या आतच कर्नाटकाची हद्द सुरू होते. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूरपर्यंत पोहोचला आणि मुंबई व मद्रास ही दोन टोके जोडली गेली. काळी जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि दाराशी रेल्वे, या तिन्ही गोष्टींनी दुधनीच्या बाजारपेठेला आकार दिला. तुरीची बाजारपेठ म्हणून तिची ख्याती आहे. पौष महिन्यात येथील आवारात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. मराठीतील 'तूर' आणि कानडीतील 'तोगरी' हे दोन्ही शब्द एकाच ढिगाभोवती ऐकू येतात.

व्यापारी आणि ग्राहक आपले निर्णय कसे घेतात, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मोठ्या विस्ताराने चर्चिला गेला आहे. परंतु त्याचे उत्तर शोधण्यासाठी ग्रंथालयातच जावे लागते असे नाही. तुरीचे एक पोते शेतातून निघून घरातील आमटीच्या पातेल्यापर्यंत पोहोचते, तेवढ्या प्रवासात चार माणसे निर्णय घेतात: पेरणारा शेतकरी, बोली लावणारा व्यापारी, डाळ करणारा गिरणीमालक आणि ती विकत घेणारी गृहिणी. या चौघांच्या निर्णयांची साखळी नीट पाहिली, तर एक गोष्ट स्पष्ट होते. चांगला निर्णय केवळ हुशारीवर अवलंबून नसतो. निर्णय घेणाऱ्याजवळ माहिती किती आहे आणि थांबण्याची शक्ती किती आहे, यावर तो अवलंबून असतो.

मागचा भाव, पुढची पेरणी

तूर मृगाच्या किंवा आर्द्राच्या पावसावर पेरली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत हाती येते. म्हणजे पेरणीचा निर्णय आणि विक्रीचा भाव यांत सहा महिन्यांचे अंतर असते. जूनमध्ये शेतकऱ्यासमोर जानेवारीचा भाव नसतो; त्याच्यासमोर असतो तो गेल्या वर्षीचा भाव आणि शेजाऱ्याच्या बांधावरची पेरणी. या दोन खुणांवर तो निर्णय घेतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण तिसरी खूण बहुधा त्याच्या हाती येतच नाही.

याचा परिणाम काय होतो, हे २०१५ ते २०१७ या काळाने दाखवून दिले. सलग दोन वर्षे पावसाने दगा दिल्यामुळे २०१५-१६ मध्ये देशातील तुरीचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवर आले. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळीचा किरकोळ दर किलोला २०० रुपयांच्या घरात गेला. हा भाव पाहून २०१६ च्या खरिपात शेतकऱ्यांनी सर्वत्र तूर पेरली आणि पाऊसही चांगला झाला. २०१६-१७ मध्ये उत्पादन ४८ लाख टनांच्या वर गेले, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले. त्या वर्षीची किमान आधारभूत किंमत बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होती. खुल्या बाजारातील भाव मात्र तिच्याही खाली घसरला. शासकीय खरेदी केंद्रांपुढे वाहनांच्या रांगा लागल्या, बारदान अपुरे पडले, आणि २२ एप्रिल २०१७ रोजी खरेदीची मुदत संपली तेव्हाही कित्येकांची तूर केंद्रांच्या दारात पडून होती. त्यानंतर बाजार हस्तक्षेप योजनेखाली राज्य शासनाला पुढे यावे लागले.

एकेका शेतकऱ्याचा निर्णय पाहिला तर तो शहाणपणाचाच होता. ज्याला भाव आहे ते पेरावे, यात गैर ते काय? परंतु तोच विचार लाखोंनी एकाच वेळी केला आणि शहाणपणाची बेरीज नुकसानीत झाली. अर्थशास्त्रज्ञांनी या चक्राला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली आहे. चढा भाव जादा पेरणी घडवितो, जादा पेरणी भाव पाडते, पडलेला भाव पुढची पेरणी घटवितो आणि घटलेली पेरणी पुन्हा भाव चढविते. १९३० च्या दशकात युरोप-अमेरिकेतील शेतमालाच्या व डुकरांच्या बाजारावरून हा सिद्धांत मांडला गेला. दुधनीच्या आवारात तो आजही लागू पडतो. २०२३ च्या अखेरीस तुरीने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला होता. २०२५ च्या आरंभी नवी तूर बाजारात आली, तेव्हा तो भाव ७,५५० रुपयांच्या आधारभूत किमतीच्या आसपास उतरला होता.

बोलीमागचे गणित

व्यापारी भाव पाडून मागतो, अशी तक्रार प्रत्येक बाजारात ऐकू येते. काही वेळा ती खरीही असते. तथापि त्याच्या बोलीमागे एक गणित असते व ते उत्पादकाने समजून घेणे अगत्याचे आहे. गिरणीमालक तूर विकत घेतो, पण विकतो ती डाळ. एक क्विंटल तुरीपासून पारंपरिक गिरणीत साधारणतः ७० ते ७५ किलो डाळ निघते. उरलेला भाग चुनी, टरफल आणि घट यांत जातो.

उदाहरणादाखल असे धरू की, तुरीचा भाव क्विंटलला ७,००० रुपये आहे, डाळ ७२ किलो निघते आणि चुनी-टरफलाचे ५०० रुपये येतात. मग दळणावळ आणि वाहतूक सोडून एक किलो डाळ गिरणीला सुमारे ९० रुपयांना पडते. तूर ओलसर असेल किंवा तिच्यात पोचट दाणे अधिक असतील आणि डाळ ६८ किलोच निघाली, तर तीच डाळ किलोला ९५ रुपयांच्या पुढे जाते. तेव्हा पहिल्याच पडत्याला डाळ मिळवायची तर त्या ओल्या तुरीला गिरणीमालक क्विंटलमागे सुमारे ३६० रुपये कमी देऊ करतो. ही रक्कम दोन दिवसांच्या उन्हात आणि एका चाळणीत दडलेली असते. आधारभूत किमतीच्या खरेदीसाठीदेखील १२ टक्क्यांपेक्षा अधिक आर्द्रता चालत नाही. तूर वाळवून, चाळून आणि प्रतवारी करून आणणारा शेतकरी बोलीच्या गणितातील एक संख्याच बदलून टाकतो.

गणित समजले तरी ते उघड्यावर मांडले जावे लागते. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. ज्याचा माल त्यालाच आपल्या मालाची किंमत कशी ठरली हे कळत नसे. ही कोंडी फोडण्यासाठीच नियंत्रित बाजाराची कल्पना पुढे आली. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढे महाराष्ट्र कृषि उत्पन्न खरेदी-विक्री (नियमन) अधिनियम, १९६३ याने उघडा लिलाव, प्रमाणित वजनकाटा आणि लेखी हिशोबपट्टी यांना कायद्याचे अधिष्ठान दिले. उघड्या लिलावात दहा व्यापाऱ्यांची माहिती मोठ्याने बोलली जाते आणि ती शेतकऱ्याच्या कानावर पडते. बाजार समितीचे खरे मोल येथे आहे.

थांबण्याची शक्ती

माहिती हाती आली तरी तिचा उपयोग करता आला पाहिजे. सुगीच्या ऐन भरात आवक सर्वांत जास्त असते आणि भाव बहुधा नरम असतो, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तरीही बहुतेक तूर त्याच दिवसांत विकली जाते, कारण सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, पुढच्या हंगामाची तयारी यांपैकी काहीतरी दारात उभे असते. ज्याने अडत्याकडून आधीच उचल घेतली आहे, त्याचा तर कोणाला विकावे हा निर्णयही पेरणीपूर्वीच झालेला असतो. आवारातील त्याची उपस्थिती केवळ वजनापुरती उरते.

याच अडचणीवर उपाय म्हणून महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालविली आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवल्यास तिच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळू शकते. निकड भागते आणि माल विकण्याची घाई टळते. भाव हमखास चढेलच असे कोणीही सांगू शकत नाही. २०१७ मध्ये थांबलेल्यांनाही लाभ झाला नाही. शिवाय गेल्या वर्षीचा उच्चांकी भाव एकदा मनात घर करून बसला, म्हणजे आजचा रास्त भावही तोट्याचा वाटू लागतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते. म्हणून सगळा माल एकदम न विकता आणि सगळाच न अडकविता, दोन-तीन हप्त्यांत विकणे हा मध्यममार्ग पुष्कळांना हिताचा ठरतो.

डाळ निवडणारे हात

आता साखळीचे शेवटचे टोक पाहू. किराणा दुकानात गृहिणी डाळ घेते, तेव्हा तिच्यापुढेही माहितीचाच प्रश्न असतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकून लावतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याकरिता त्यांनी जुन्या मोटारींच्या विक्रीचे उदाहरण घेतले. परंतु त्याच निबंधात मुद्दाम मिसळलेले खडे तांदळातून निवडणाऱ्या गृहिणीचाही उल्लेख आहे. निबंधापूर्वी त्यांचे काही काळ दिल्लीत वास्तव्य होते. याच विषयावरील कार्यासाठी २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे सुपात डाळ घेऊन बसलेली बाई रोज जे काम करते, ते बाजारातील एका मोठ्या उणिवेची भरपाई असते.

डोळ्यांना दिसते तेवढ्यावरून दर्जा ठरविण्याचे परिणाम मागेही पोहोचतात. चकाकणारी डाळ चांगली, असा समज असल्यामुळे गिरणीला चकाकी चढवावी लागते. चकाकी म्हणजे कस नव्हे. पिवळेपणासाठी मेटॅनिल यलो या अखाद्य रंगाचा आणि वजनासाठी लाखेच्या डाळीचा वापर झाल्याची उदाहरणे सर्वश्रुत आहेत. ग्राहक ज्या खुणेला भुलतो ती खूण विक्रेता पुरवितो. तेव्हा ग्राहकाने खूण बदलली, तर विक्रेत्यालाही बदलावे लागते.

भाव चढल्यावर ग्राहकही निर्णय बदलतो. तुरीऐवजी मसूर किंवा हरभऱ्याची डाळ येते, आमटी पातळ होते, एखादी वेळ भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीवर निभावून नेली जाते. पण शेतमजुराच्या घरी हीदेखील निवड मोकळी नसते. रोजची पाव किलो डाळ उधारीवर घेणाऱ्याला दुकान बदलता येत नाही, आणि ज्याला दुकान बदलता येत नाही त्याला भाव विचारण्याचाही अधिकार उरत नाही. उचल घेतलेला शेतकरी आणि उधारीवर जगणारा मजूर बाजाराच्या दोन टोकांना उभे असले, तरी त्यांची अडचण एकच आहे: दोघांनाही थांबता येत नाही.

एकट्याला जे जमत नाही ते अनेकांना मिळून जमते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधून महिन्याचा किराणा घाऊक भावाने एकत्र घेण्याची पद्धत रुजविली. पुढे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षणाचा कायदा आला आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली.

गावाच्या हाती काय आहे

ही साखळी सुधारण्यासाठी प्रत्येक वेळी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने कार्यालयाच्या फलकावर जवळच्या दोन-तीन बाजारपेठांचे भाव आणि आवक रोज लिहावी; सीमाभागात ती मराठी व कानडी या दोन्ही भाषांत लिहिली तर अधिक बरे. मे महिन्याच्या ग्रामसभेत कृषि सहायकाने गावातील इच्छित पेरणीचा अंदाज, देशातील शिल्लक साठा आणि आयातीचे धोरण यांची माहिती द्यावी, म्हणजे शेतकऱ्याला गेल्या वर्षीच्या भावाखेरीज तिसरी खूण मिळेल. बाजार समितीने तारण कर्जाचा अर्ज सुगीपूर्वीच गावोगाव पोहोचवावा. महिला बचत गटांनी एकत्र डाळखरेदी करून पाहावी. जमल्यास गावचीच तूर गावातच भरडावी.

शिक्षकांचे कार्य याहून दूरगामी आहे. हिशोबपट्टी वाचणे, क्विंटलच्या भावावरून किलोचा पडता काढणे, पाकिटावरील निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि अन्न परवान्याचा क्रमांक तपासणे, हे सातवीतील मुलाला सहज शिकविता येते. डाळीच्या पाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले असता मेटॅनिल यलो असल्यास गुलाबी रंग येतो, हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकाच्या देखरेखीखाली करून दाखविता येईल. ती मुले घरी जाऊन पट्टी वाचतील आणि त्याच दिवशी त्या घरातील निर्णयाची पद्धत बदलू लागेल.

दुधनीच्या आवारात एक पोते उघडले जाते, मूठभर तूर तळहातावर येते आणि क्षणभरात भाव पुकारला जातो. त्या क्षणामागे सहा महिन्यांचे कष्ट आणि पुढे एका घराची वर्षभराची आमटी असते. तो भाव पुकारला जात असताना शेतकऱ्याला 'आज विकायचे नाही' असे म्हणता आले पाहिजे, आणि दुकानात उभ्या असलेल्या बाईला 'ही डाळ नको, ती दाखवा' असे म्हणता आले पाहिजे. गावाने, शाळेने आणि शासनाने मिळून एवढे साधले, तर बाजार दोघांचाही होईल.