कॉफीचा कप आणि खुर्चीचे भाडे

मी कल्याणच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि राहतो डोंबिवलीला. आमच्या पाठ्यपुस्तकात 'मक्तेदारीयुक्त स्पर्धा' नावाचे एक प्रकरण आहे. नाव अवघड, पण गोष्ट साधी आहे. बाजारात विकणारे पुष्कळ असतात, माल जवळपास एकच असतो, आणि तरीही प्रत्येकजण आपला माल निराळा असल्याचे गिऱ्हाइकाला पटवीत असतो. पुस्तकात उदाहरण असते साबणाचे, नाहीतर दंतमंजनाचे. वर्षानुवर्षे तेच सांगून मलाच कंटाळा आला, म्हणून गेल्या वर्षी मी वर्गाला विचारले, "स्टेशनाजवळच्या उडप्याकडे फिल्टर कॉफी तीस-चाळीस रुपयांना मिळते. कॅफेत तिचे अडीचशे पडतात. मग तुम्ही कॅफेत का जाता? तिथली कॉफी सहापट चांगली असते का?"

वर्ग हसला. कोणी म्हणाले थंडावा असतो, कोणी म्हणाले वाय-फाय फुकट असतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. घर दोन खोल्यांचे, माणसे सहा, आणि ती सनदी लेखापालाच्या, म्हणजे सी.ए.च्या, परीक्षेला बसलेली. ती म्हणाली, "सर, मी कॉफीचे पैसे देतच नाही. मी खुर्चीचे देते. तीन तास मला कोणी ऊठ म्हणत नाही."

त्या दिवशी तास तिथेच संपला असता तरी चालले असते.

आता हिशेबच करून पाहू. आकडे मी सोयीसाठी धरतो आहे. मोठ्या कपाला साधारण 18 ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. किलोला 1200 रुपये धरले तर ती झाली 21 रुपये 60 पैशांची. दूध 200 मिलिलिटर, लिटरला 70 रुपये धरले तर 14 रुपये. साखर आणि कागदी पेला मिळून आणखी काही रुपये. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस रुपयांत माल संपला. उरलेल्या दोनशे रुपयांत जागेचे भाडे आले, वातानुकूलनाचे बिल आले, पोरांचे पगार आले, परदेशी यंत्राचा हप्ता आला, 5 टक्के कर आला, आणि राहिलेच तर नफा. खेड्यात जो आपले दूध डेअरीला घालतो त्याने स्वतःचा वाटाही पाहून घ्यावा. त्याला लिटरला 35 रुपये मिळाले असे समजले, तर त्या अडीचशेच्या कपात त्याचे सात रुपये. मुरबाड-शहापूरकडच्या माणसाला हे ऐकून राग येईल. पण कॉफी पिकवणाऱ्याचा वाटाही काही फार मोठा नसतो, एवढे सांगून पुढे जातो.

बसायची जागा विकण्याची ही युक्ती परदेशातून आली असे आपण समजतो. ते पुरते खरे नाही. 1930 नंतरच्या मंदीत कॉफीला भाव मिळेना, तेव्हा देशातच तिचा खप वाढावा म्हणून कॉफी उपकराच्या पैशातून 'इंडिया कॉफी हाऊस' काढण्यात आली. त्यांतले पहिले 1936 साली आपल्या मुंबईत, चर्चगेटला उघडले. पुढे ती गावोगाव झाली. स्वस्त कॉफी घ्यावी आणि तासन् तास बसावे. लेखक, पुढारी, विद्यार्थी, बेकार, सगळे तिथे बसत. खुर्चीचे भाडे वसूल करण्याची त्यांना घाई नव्हती, कारण त्यांना बी खपवायचे होते. 1950 नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाने ही हॉटेले बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या. पहिली 1957 च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला निघाली. यांतली कित्येक आजही चालू आहेत. सहकार म्हटले की आपल्याकडे साखर आणि दूध एवढेच डोळ्यांसमोर येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

घरातल्या कॉफीची गोष्ट आणखी निराळी. महाराष्ट्रात ती चहाच्या पंक्तीला कधी बसलीच नाही. एकादशीला, आजारपणात, नाहीतर मोठा पाहुणा आला की कॉफी. जायफळ उगाळून, वेलदोडा घालून, भरपूर साखरेची आणि दुधाची. आमच्या आजीच्या फडताळात पोलसनचा डबा असे. कॉफी संपून वर्षे झाली तरी त्यात ती लवंगा ठेवी. हा पोलसन म्हणजे मुंबईचे पेस्तनजी एदलजी दलाल. 1888 साली त्यांनी कॉफी दळण्याचे दुकान काढले, कॉफीत चिकोरी मिसळून विकली, आणि पुढे लोणी काढायला आणंदला गेले. त्यांच्याशी झगडूनच 1946 साली तिथली दूध उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. चिकोरी ही एका झाडाची मुळी. ती भाजून दळली की कॉफीसारखी दिसते, रंग गडद आणि चव जड करते, आणि कॉफीपेक्षा स्वस्त पडते. मिश्रणात निम्म्याहून अधिक, किमान 51 टक्के, कॉफी हवी असा आजचा नियम आहे. पाकिटावर प्रमाण छापलेले असते. एकदा वाचून पाहा, बरं का.

आता साखळी दुकानांकडे वळू. एकच नाव, एकच रंग आणि एकच चव घेऊन शेकडो ठिकाणी निघणाऱ्या दुकानांना मी साखळी म्हणतो. आपल्याकडे ही लाट सुरू झाली 1996 साली, बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर, कॅफे कॉफी डेच्या पहिल्या दुकानाने. व्ही. जी. सिद्धार्थ यांचे घराणे चिकमंगळूरचे, कॉफीच्या मळेवाल्यांचे. मळा आपला, भाजणी आपली आणि दुकानही आपले. पुढे देशभर सतराशेच्या आसपास दुकाने झाली. ठाण्याच्या आणि डोंबिवलीच्या एका सबंध पिढीची पहिली 'बाहेरची कॉफी' तीच. पण कर्जाचा डोंगर वाढला, 2019 च्या जुलैत सिद्धार्थ यांचा दुर्दैवी अंत झाला, लगोलग महामारी आली, आणि 2024 च्या मार्चअखेर दुकाने पाचशेच्या आत आली होती.

दुसरीकडे 2012 च्या ऑक्टोबरात टाटांच्या भागीदारीत स्टारबक्स मुंबईत आले. पहिले दुकान हॉर्निमन सर्कलला. 2024 च्या मार्चअखेर त्यांची दुकाने चारशेच्या वर गेली, आणि तरीही त्या वर्षी कंपनी तोट्यात होती. गर्दी दिसली म्हणजे नफा असतोच असे नाही, हे खेड्यातल्या किराणा दुकानदाराला मी सांगायला नको. याच कंपनीला 2023 च्या सुमारास भारतात लहान कप काढावा लागला, मसाला चहा ठेवावा लागला, आणि फिल्टर कॉफीसुद्धा! अमेरिकेत जन्मलेल्या बलाढ्य पेढीने अखेर उडप्याची पाटी आपल्या फळ्यावर लिहिली. मला त्याचे हसू आले आणि थोडे बरेही वाटले.

गिऱ्हाइकाला आधीच चांगली कॉफी मिळत असेल तर मोठे नाव उपयोगी पडत नाही. ऑस्ट्रेलियाचा दाखला आहे. तिथे इटालियन आणि ग्रीक वस्तीने घरगुती कॉफीगृहांची सवय केव्हाच लावून ठेवली होती. स्टारबक्सने 84 दुकाने थाटली, आणि 2008 साली त्यांतली 61 बंद करावी लागली. चीनमध्ये उलट बाजूने मार बसला. 2017 साली निघालेल्या लकिन नावाच्या तिथल्याच कंपनीने लहान दुकाने काढली, भाव कमी ठेवले, मोबाईलवर मागणी घेतली आणि काही वर्षांतच दुकानांच्या संख्येत स्टारबक्सला मागे टाकले. तिथे गिऱ्हाइकाला खुर्ची नकोच होती. त्याला कॉफी हवी होती, ती घेऊन तो कामाला पळत होता.

म्हणजे गिऱ्हाईक एक नसते. आमच्या वर्गात पुढे बरीच चर्चा झाली, आणि मला न सुचलेली एक गोष्ट मुलींनी सांगितली. साखळी कॅफेत स्वच्छ स्वच्छतागृह असते, आणि एकटी बाई बसली तर कोणी टक लावून पाहत नाही. लोकलने दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या बाईला याची किंमत काय वाटते, ते आम्हा पुरुषांना बसल्या जागी कळायचे नाही. उडप्याकडे पूर्वी 'फॅमिली रूम' असे, पडदा लावलेली. ती गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

आणि चव? ती अगदीच बाजूला पडली आहे असे नाही. ब्लू टोकाई 2013 मध्ये आणि थर्ड वेव्ह 2016 मध्ये निघाले. अशा नव्या पेढ्यांच्या पाकिटांवर मळ्याचे नाव आणि भाजणीची तारीख असते. त्याला कारण आहे. भाजलेल्या बीमधून वायू सुटत असतो आणि त्याबरोबर सुवासही उडत जातो. बी अख्खे असेल तर काही आठवडे टिकते, दळले की फार लवकर शिळे होते. म्हणून कप मागितल्यावर दळायचे आणि यंत्राने दाबाखाली गरम पाणी घालून पंचवीस-तीस सेकंदांत अर्क काढायचा. आपला पितळी फिल्टर हेच काम थेंबाथेंबाने, सावकाश करतो. दुधाचेही तसेच. ते साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवले तर गोडी राहते, खळखळ उकळले की तिला निराळाच वास येतो. अर्थात ज्याला लहानपणापासून उकळलेल्या दुधाची सवय आहे त्याला तोच वास आवडतो, आणि त्यात चूक काही नाही. मळ्याचे नाव पाकिटावर आल्याने भाव वाढतो, हे मात्र आपल्याकडच्या शेतकऱ्याने ध्यानात घ्यावे. 2021 साली वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच जातीचे.

आता आमच्या अण्णांविषयी. स्टेशनाजवळ त्यांचे उडपी हॉटेल आहे, वडिलांपासूनचे. फिल्टर कॉफी अशी की दवऱ्यातून पेल्यात ओतताना वास रस्त्यापर्यंत येतो. समोरच्या गल्लीत कॅफे झाला तसे कॉलेजची पोरे त्यांच्याकडून कमी झाली. मी शिकवण्याच्या सवयीने त्यांना म्हटले, "अण्णा, तुमची कॉफी त्यांच्यापेक्षा चांगली आहे, तुम्ही जाहिरात करा."

अण्णा गल्ल्यावरून न उठता म्हणाले, "सर, कॉफी चांगली आहे ते मला माहीत आहे. पोरांना पण माहीत आहे. पण माझी टेबलं बारा. सकाळी एक टेबल तासात चार वेळा भरलं तर मला परवडतं. एक पोरगा पुस्तक घेऊन तीन तास बसला तर माझं काय? मी त्याला ऊठ म्हणतो, तो वाईट मानतो. काय करणार?"

याला उत्तर माझ्या पुस्तकात आहे, पण ते अण्णांच्या उपयोगाचे नाही. पुस्तक म्हणते, विक्रेत्याने आपला माल निराळा करावा. अण्णांचा माल निराळा आहेच. कमी पडते ती जागा, आणि जागेचा भाव अण्णा ठरवीत नाहीत.

ग्रामीण श्रोत्यांना हे सगळे शहरी चोचले वाटतील. पण तुमच्या गावात पार आहे. तिथे बसायला कोणी पैसे मागत नाही आणि ऊठही म्हणत नाही. शहरात पार राहिला नाही. वाचनालये आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. मोठी माणसे होती ती. पण वाचनालयात बोलता येत नाही, चौघांना मिळून गणित सोडवता येत नाही. अभ्यासिका आहेत, त्यांना महिन्याची फी आहे. मग मुले अडीचशेचा कप घेतात, तो थंड होऊ देतात आणि शेवटचा घोट मुद्दाम ठेवतात, म्हणजे टेबल पुसणारा उठवणार नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, हा शेवटचा घोट मी स्वतः पाहिला आहे. तुमच्या शाळेतली खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवता आली तर त्याला किती खर्च येईल, याचाही हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

मी त्या मुलीचे बोलणे अण्णांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा माळ्यावरची पोती हलवलेली दिसली. वर तीन टेबले, एक पंखा, भिंतीला दोन नवी वीजबटणे. दुपारी तीन ते सहा, खालचे गिऱ्हाईक मंद असते त्या वेळी, मुलांनी वर बसावे आणि तासाला एक कॉफी घ्यावी, असा त्यांचा बेत. जिन्यावर खडूने तसे लिहिलेही होते, 'तासाला' या शब्दाखाली दोन रेघा मारून.

परवा विचारले, कसे काय चालले आहे? अण्णा म्हणाले, "पोरं येतात. मुली पण येतात. पण संडास दुरुस्त केला पाहिजे म्हणतात, त्याचा खर्च काढतोय. आणि लाइटबिल अजून आलं नाही, सर. आल्यावर सांगतो."