घराला जोडलेले हरितगृह : लडाखच्या हिवाळ्यातील एक प्रयोग
(व्याख्यानाचा मजकूर)



हरितगृह म्हटले की महाराष्ट्रातील विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर तळेगाव दाभाडे परिसरातील गुलाब आणि जरबेराची पॉलिहाऊसे उभी राहतात. तेथे प्रश्न असतो तो उन्हाची तीव्रता कमी करण्याचा, पाऊस व कीड यांपासून फूल वाचविण्याचा आणि हवा खेळती ठेवण्याचा. फुलांचा बाजार दूरचा असतो, भांडवल मोठे असते आणि हरितगृह शेतात उभे असते. देशाच्या उत्तर टोकाला, लडाखमध्ये, हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरला जातो. तेथील हरितगृह राहत्या घराच्या दक्षिण भिंतीला टेकून उभे राहते. ते मातीच्या विटांचे असते, कुटुंबातील माणसे व गावातील गवंडी मिळून ते बांधतात आणि त्याच्याकडून दोन कामांची अपेक्षा असते. एक, हिवाळ्यात हिरवी भाजी देणे. दुसरे, शेजारची खोली ऊबदार ठेवणे. ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट होतात का, हा या विषयातील खरा प्रश्न आहे. शासकीय अहवालांत त्याची चर्चा मात्र क्वचितच आढळते.

प्रथम भूगोल. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्याने तेथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पर्जन्य होते. हिवाळ्यात रात्रीचे तापमान शून्याखाली २० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली जाते. पिकांचा हंगाम मे ते सप्टेंबर एवढाच. पूर्वी झोजिला आणि मनालीकडील मार्ग बर्फामुळे पाच-सहा महिने बंद राहत. त्या काळात साठवलेले बटाटे, सलगम, वाळवलेल्या भाज्या आणि विमानाने येणारा महाग माल यांवरच भागवावे लागे. या चित्राची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. लेहमध्ये वर्षातील ३०० च्या आसपास दिवस स्वच्छ उन्हाचे असतात. हवा विरळ आणि कोरडी असल्यामुळे सूर्यकिरण फारसे अडत नाहीत. मात्र त्याच कोरड्या, निरभ्र आकाशातून रात्री जमिनीची उष्णता वेगाने निसटून जाते. म्हणजे दिवसा ऊर्जा मुबलक असते आणि रात्री तिचा संपूर्ण तुटवडा असतो. दिवसाची ऊर्जा रात्रीपर्यंत धरून कशी ठेवायची, एवढ्याच एका सूत्राभोवती तेथील सौर वास्तुरचना फिरते.

काच किंवा पॉलिथिन सूर्यप्रकाश आत येऊ देते आणि आतील उष्णता दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर जाऊ देत नाही, असे पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ मध्ये दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसवली, तर दुसरीवर अवरक्त किरणांना पारदर्शक असणाऱ्या सैंधव मिठाची पट्टी. दोन्ही पेट्यांच्या तापमानात फारसा फरक आढळला नाही. हरितगृह उबदार राहते ते मुख्यत्वे तापलेली हवा वर उठून निघून जाऊ शकत नाही म्हणून. वातावरणातील ज्या परिणामाला ‘हरितगृह परिणाम’ हे नाव मिळाले आहे, त्याची यंत्रणा यापेक्षा भिन्न आहे. परीक्षार्थींनी हा भेद जाणून घेणे इष्ट. घर बांधणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे. साधे पॉलिथिन अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात बाहेर जाऊ देते. म्हणूनच रात्री त्याच्या आतील बाजूस जाड कापडाचा किंवा दुसऱ्या प्लास्टिकचा पडदा ओढावा लागतो. फटी बुजवणे तर त्याहूनही महत्त्वाचे, कारण दाराखालच्या बोटभर फटीतून दिवसाची कमाई वाहून जाऊ शकते.

बांधणीची पहिली पायरी म्हणजे जागेची निवड आणि बहुतेक अपयशे येथेच घडतात. लेहचा अक्षांश सुमारे ३४ अंश उत्तर आहे. त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास भरमाध्यान्ही सूर्य क्षितिजापासून केवळ ३२ अंशांच्या थोडा वर असतो. २१ जूनला तोच ७९ अंशांवर जातो. यावरून एक साधे गणित करता येते. हिवाळ्याच्या मध्यावर १० फूट उंचीच्या भिंतीची सावली माध्यान्हीसुद्धा उत्तरेकडे सुमारे १६ फूट पडते, सकाळी व संध्याकाळी त्याहून पुष्कळ लांब. दक्षिणेला शेजाऱ्याचे दुमजली घर असेल किंवा दरी अरुंद असून समोरचा डोंगर दुपारीच सूर्य झाकत असेल, तर उत्तम साहित्य वापरूनही हरितगृह थंडच राहील. उन्हाळ्यात जागा पाहून घेतलेला निर्णय म्हणूनच फसवा ठरतो. जाणते गवंडी डिसेंबरातील सावलीची रेघ लक्षात ठेवतात आणि बांधकाम मात्र पुढच्या उन्हाळ्यात, विटा वाळण्याच्या दिवसांत करतात.

रचनेची लांब बाजू पूर्व-पश्चिम असते. पारदर्शक आच्छादन केवळ दक्षिणेस. उरलेल्या बाजूंस जाड भिंती. घराला जोडलेल्या हरितगृहात उत्तरेची भिंत आयतीच मिळते, कारण ती घराचीच दक्षिण भिंत असते. पूर्व व पश्चिमेच्या भिंती दुहेरी बांधतात. आतला थर उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचा, तो उष्णता साठवतो. बाहेरचा थर वारा अडवतो. मधल्या पोकळीत पेंढा, भुसा किंवा रानातील सुके झुडूप दाबून भरतात, ते उष्णतारोधकाचे काम करते. हा क्रम उलटला, म्हणजे उष्णतारोधक थर आतल्या बाजूस आला, तर भिंतीत उष्णता साठतच नाही. पाया दगडाचा असावा लागतो. आतील जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा थोडी खाली घेतली तर गोठलेल्या मातीची थंडी वाफ्यांपर्यंत कमी पोहोचते. छताच्या उत्तरेकडील अर्ध्या भागावर पॉप्लरच्या तुळया, त्यांवर वाळुंजाच्या काटक्या, पेंढा आणि माती असा पारंपरिक थर देतात. दक्षिणेकडील आच्छादन तीव्र उताराचे ठेवतात. हिवाळ्यातील खालचे ऊन त्यावर शक्य तितके सरळ पडावे हा त्यामागील हेतू.

उष्णता साठविण्याच्या बाबतीत पाण्याची बरोबरी माती करू शकत नाही. एवढ्याच आकारमानाच्या मातीपेक्षा पाणी सुमारे अडीच ते तीन पट उष्णता धरते. २०० लिटरचे काळा रंग दिलेले पिंप दिवसा तापून रात्री १० अंशांनी निवले, तर ते सुमारे २.३ युनिट विजेइतकी उष्णता परत देते, म्हणजे एक किलोवॅटची शेगडी दोन तासांहून अधिक चालावी तितकी. दोन-तीन पिंपे कोपऱ्यात ठेवण्याची युक्ती त्यामुळेच किफायतशीर आहे. शिवाय सिंचनासाठी न गोठलेले पाणी हाताशी राहते, हा लाभ लहान नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. घर आणि हरितगृह यांमधील भिंतीत जमिनीलगत एक आणि छतालगत एक अशी झडपा असलेली दोन भोके ठेवतात. दिवसा तापलेली हवा वरच्या भोकातून खोलीत येते, खोलीतील गार हवा खालच्या भोकातून हरितगृहात जाते. सूर्य कलला की झडपा बंद करावयाच्या. त्या उघड्या राहिल्या तर प्रवाह उलटा होतो आणि खोलीची ऊब हरितगृहामार्गे बाहेर निघून जाते. येथपर्यंत सारे सोपे आहे. परंतु वनस्पतींना हवी असते दमट हवा आणि वाफ्यांना द्यावे लागते पाणी. ती बाष्पयुक्त हवा खोलीत गेली की थंड उत्तर भिंतीवर दव जमते, मातीचा गिलावा ओलावतो, बुरशी धरते. उलट घरासाठी जास्तीत जास्त उष्णता ओढून घेतली तर पहाटे पालक गोठतो. पुन्हा, निरभ्र दुपारी हरितगृहाचे तापमान ३० अंशांच्या वर गेले तर पालेभाजी कोमेजते आणि माव्याला आमंत्रण मिळते. त्या वेळी झरोका उघडून ऊब बाहेर सोडावी लागते. बुखारीच्या इंधनासाठी शेण आणि लाकूड जपून वापरणाऱ्या घराच्या दृष्टीने ती उधळपट्टीच.

या पेचातून लडाखमध्ये तीन वेगवेगळे मार्ग निघाले आहेत आणि तिन्ही मार्गांमागे संस्थांचे प्रदीर्घ काम आहे.

पहिला मार्ग दोन कामांची फारकत करण्याचा. घर तापविण्यासाठी केवळ काच आणि भिंत. भाजीसाठी स्वतंत्र हरितगृह. काचेमागे गडद रंगाची जाड भिंत उभी करण्याची ही कल्पना एडवर्ड मोर्स याने १८८१ मध्ये अमेरिकेत एकस्वाने नोंदविली होती. फ्रान्समध्ये फेलिक्स ट्रॉम्ब यांनी १९६० च्या दशकात तिला व्यवहारात आणले आणि १९८३ मध्ये स्थापन झालेल्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुपने तिचा प्रसार लडाखात केला. अशा भिंतीतून उष्णता आत पोहोचण्यास सुमारे आठ-दहा तास लागतात. दुपारचे ऊन रात्री खोलीत उतरते. लडाखी घरांतील ‘शेलखांग’, अर्थात दक्षिणाभिमुख काचेची खोली, हीही याच कुळातील. स्वतंत्र हरितगृहाच्या बाबतीत फ्रान्समधील ‘जेरेस’ या संस्थेने स्थानिक संस्थांबरोबर विकसित केलेली सुधारित रचना सर्वाधिक परिचित आहे. त्या कामास २००९ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भिंतीचे साहित्य आणि मजुरी कुटुंबाने द्यावी, बाहेरून आणावे लागणारे साहित्य प्रकल्पाने द्यावे, अशी तिची विभागणी होती. ज्या घराने विटा स्वतः पाडल्या, ते घर हरितगृह सहसा मोकळे पडू देत नाही.

दुसरा मार्ग ऋतूनुसार बदलण्याचा. सोनम वांगचुक यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सेकमोल या संस्थेने फे गावाजवळील आपल्या परिसरात मातीच्या इमारतींच्या दक्षिण बाजूस हिवाळ्यापुरते पॉलिथिन लावण्याची पद्धत रुजवली. उन्हाळ्यात ते काढून ठेवले जाते. त्यामुळे घर उन्हाळ्यात भट्टी बनत नाही आणि पॉलिथिनचे आयुष्यही वाढते. घराला जोडूनच बांधावयाचे असेल तर हा मार्ग सर्वांत सुज्ञपणाचा म्हणावा लागेल. ऊब आधी, भाजी नंतर, असा प्राधान्यक्रम त्यात स्पष्ट आहे.

तिसरा मार्ग जमिनीखाली जाण्याचा. १९६२ मध्ये लेह येथे सुरू झालेल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या ‘डिहार’ने, तीनेक फूट खोल खंदकावर पॉलिथिन अंथरून भाजी घेण्याची पद्धत लोकप्रिय केली. खर्च सर्वांत कमी, घराला उपयोग मात्र शून्य.

कोणत्याही मार्गाने गेले तरी डिसेंबर-जानेवारीत टोमॅटो वा काकडी पिकविण्याची अपेक्षा बाळगू नये. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, लेट्यूस ही हिवाळ्याची पिके. खरा आर्थिक लाभ अनेकदा मार्च-एप्रिलमध्ये होतो. कोबी, फुलकोबी आणि टोमॅटोची रोपे आत वाढवून जमीन मोकळी होताच बाहेर लावता येतात आणि अल्प हंगाम काही आठवड्यांनी लांबतो.

शासकीय पाठबळाचा तपशीलही नोंदविण्याजोगा आहे. २०१० मध्ये मंजूर झालेल्या ४७३ कोटी रुपयांच्या लडाख नवीकरणीय ऊर्जा उपक्रमात सौर हरितगृहांचा समावेश होता. २०१४-१५ पासूनच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात संरक्षित शेतीला साधारणतः निम्म्या खर्चाइतके अनुदान देण्याची तरतूद करण्यात आली. अनुदानाला मापे लागतात आणि मापांना ठरावीक नमुना. पण ठरावीक नमुना डोंगराच्या सावलीला विचारत नाही. चांगथांगच्या उघड्या पठारावरील वारा, झंस्कारचा गाढ बर्फ आणि लेहच्या बाजारालगतची दाटीवाटी यांना एकच आराखडा पुरणे अवघड आहे. ज्यांच्याकडे दक्षिणेला मोकळी जमीन नाही, अशी कुटुंबे तर योजनेच्या कक्षेतच येत नाहीत.

दोन नव्या गोष्टींनी हिशेब बदलत आहे. पहिली हवामानाची. ५-६ ऑगस्ट २०१० च्या रात्री झालेल्या ढगफुटीत लडाखमध्ये २०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि मातीची असंख्य घरे वाहून गेली वा विरघळली. तेव्हापासून मातीच्या छताखाली जलरोधक थर देणे ही चैन राहिलेली नाही. दगडी पायाची उंची वाढविणेही अनिवार्य ठरते. दुसरी गोष्ट रस्त्यांची. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला, त्याच महिन्यात झोजिला बोगद्याच्या कामास आरंभ झाला आणि अलीकडच्या वर्षांत झोजिला मार्ग बंद राहण्याचा काळ महिन्यांवरून आठवड्यांवर आला. मैदानी प्रदेशातील कोबी हिवाळ्यातही ट्रकने येऊ लागली, तर लेहच्या बाजारात पदपथावर भाजी विकणाऱ्या स्त्रियांना पूर्वीचा भाव मिळेल का, हा प्रश्न उरतो. हरितगृहातील रोजची कामे प्रामुख्याने स्त्रियाच करतात. सकाळी पडदा काढणे, दुपारी झरोका उघडणे, सूर्यास्ताआधी झडपा लावणे हे सारे त्यांच्या दिवसात आधीच असलेल्या कामांत मिळवले जाते. त्या श्रमाची किंमत जुडीच्या भावात धरली जात नाही. ट्रकने आलेल्या जुडीशी तुलना करताना ती धरावी लागेल, तसेच वाचलेल्या इंधनाची किंमतही. घराला जोडलेल्या हरितगृहाचा पलडा येथे पुन्हा जड होतो, कारण ट्रक भाजी आणील, खोलीतली ऊब आणणार नाही.

पॉलिथिनचा प्रश्न शिल्लक राहतो. अतिनील किरणांना टिकणारे असले तरी ते तीन ते पाच वर्षांत ठिसूळ होते, वाशांशी घासून फाटते आणि वाऱ्याबरोबर ओढ्यांत जाऊन पडते. काच दीर्घकाळ टिकते, पण महाग पडते आणि घाटरस्त्यांवर फुटते. लेहमधील काही सधन घरांनी काचेचा पर्याय स्वीकारला आहे. गावांमध्ये अद्याप जुने पॉलिथिन दुहेरी करून रात्रीच्या पडद्यासाठी वापरतात, ते तेथेही फाटले की वाफ्यांच्या कडेला, आणि त्यानंतर त्याला गावात जागा नसते.